चाचणीत नाव देण्याआधी

पुणे

प्रिय सुनीता,

तुझं पत्र मिळालं. मधुमेहाच्या नव्या औषधाच्या चाचणीत नाव द्यावंसं तुला वाटतंय, आणि भावजी म्हणताहेत, प्रयोगाचा उंदीर कशाला व्हायचं! त्यांची धास्ती खोटी नाही. आंध्रात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लसीचा अभ्यास झाला, तेव्हा वसतिगृहातल्या मुलींच्या संमतीपत्रांवर वॉर्डनने सह्या केल्या होत्या. २०१३ साली संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले, ते योग्यच झालं.

तरी मी म्हणेन, नाव दे.

मला पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायका आठवतात. १९९३ साली केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी तिथे अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या गरोदर बायकांनी वजनं करून घेतली, रक्त दिलं, रोज काय खातो ते सांगितलं. बाळं जन्मली ती सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी. पण अंगाने बारीक असूनही कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकलेली. आपल्याकडे सडपातळ माणसालाही मधुमेह का गाठतो, याचा एक धागा तिथे हाती लागला. त्या गरोदरपणात त्यांना याचा काय उपयोग होणार होता? तरी मुलांना घेऊन त्या वर्षानुवर्षं तपासणीला येत राहिल्या. पुढे तीच मुलं मोठी होऊन बी-१२ जीवनसत्त्वाच्या चाचणीत उतरली, आपल्याला खरी गोळी मिळतेय की नुसती तशी दिसणारी, हे ठाऊक नसताना. मला या लोकांबद्दल फार आदर वाटतो गं.

म्हणूनच, आपली साखर उतरेल या आशेने जाऊ नकोस. तुझ्या वाट्याला नवं औषध येईलच असं नाही. माहितीपत्रक घरी आण, भावजींसमोर वाच. भाग घेणाऱ्यांचं हित बघणाऱ्या नैतिकता समितीची मंजुरी आहे का, चाचणी सीटीआरआयवर, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदलेली आहे का, हे विचार. चाचणीमुळे काही त्रास झाला तर उपचार फुकट मिळायला हवेत, इजा झाली तर भरपाईही. औषध चाचण्यांच्या २०१९च्या सरकारी नियमांत तसं आहे. सही केलेल्या संमतीपत्राची प्रत मागून घे. मधेच नको वाटलं तर कारण न देता बाहेर पडता येतं, हे भावजींना मुद्दाम सांग. आणि सहीची घाई कोणी करू लागलं तर सरळ उठून ये.

चालू गोळ्या मात्र तुझ्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नकोस. माहितीपत्रक मिळालं की फोटो पाठव, रविवारी फोनवर दोघी मिळून वाचू.

तुझी,
माधुरी