अर्धेच सांगितलेले शुस्टर

ठाणे, २ फेब्रुवारी

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन मीच आधी ठेवला, तेव्हा पत्रही आधी मीच लिहायला हवे. मंत्रालयात तीस वर्षे विधेयकांचे मसुदे तपासताना माझा आवाज कधी चढला नाही आणि पोटच्या मुलीशी बोलताना मात्र "तिकडे नोकरीला गेलीस की हाडे मोडून घ्यायला?" असे तोंडून निघून गेले. ते शब्द मागे घेतो. स्कीइंगविषयी या पत्रात एक अक्षरही लिहायचे नाही, असे आईला कबूल केले आहे.

पण विषय तूच शुस्टरसाहेबांचा काढलास. "तुमचे शुस्टर स्की क्लबचे अध्यक्ष होते, हे मला कधी सांगितले नाहीत," या तुझ्या वाक्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. लहानपणी तुला सांगितलेले क्लॉड शुस्टर म्हणजे ब्रिटनचे सनदी अधिकारी, कायम टेबलाशीच बसलेले असत. १९१५ मध्ये ते लॉर्ड चॅन्सलरच्या, म्हणजे तिथल्या न्यायखात्याच्या प्रमुख मंत्र्याच्या, कार्यालयाचे कायम सचिव झाले आणि १९४४ पर्यंत त्याच खुर्चीत राहिले. या काळात दहा लॉर्ड चॅन्सलर आले आणि गेले. इंग्लंडमधल्या जमिनीच्या मालकीचा शतकांचा गुंता ज्या कायद्यांनी सोडवला, ते १९२५ चे मालमत्ता कायदे तडीस नेण्यात त्यांचा मोठा हात होता. आमच्या टेबलावर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम सतत उघडा असे, त्यामुळे असले काम माणसाकडून काय वसूल करते हे मला ठाऊक होते. १९३४ मध्ये सरन्यायाधीश लॉर्ड ह्यूअर्ट यांनी भर उमराव सभागृहात (ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात) शुस्टरांच्या खात्यावर तोफ डागली. सचिवाला तिथे उठून उत्तर देता येत नाही. त्याने ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात यायचे. नोकरीला लागलीस तेव्हा हीच गोष्ट मी तुला पुन्हा सांगितली होती.

मात्र हेच गृहस्थ १९३२ ते १९३४ या काळात ग्रेट ब्रिटनच्या स्की क्लबचे आणि १९३८ ते १९४० मध्ये अल्पाइन क्लब या गिर्यारोहकांच्या संस्थेचे अध्यक्ष होते, हे मला तेव्हाही माहीत होते. ते मी गाळले, जाणूनबुजून गाळले. दिलीपच्या त्या प्रकारानंतर आपल्या घरात डोंगराचा विषय कसा निघत असे, हे तुला आठवत असेल. तरीही एकोणीस वर्षांची असताना तू कोणाला न सांगता नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर गेलीस आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चिखलाने माखलेले बूट हातात धरून दारात हसत उभी राहिलीस. आई तुझ्यावर ओरडली. मी आत जाऊन वर्तमानपत्र उघडून बसलो, कारण मला रडू येत होते आणि खरे सांगायचे तर अभिमानही वाटत होता. हे तुला आजवर कधी बोललो नाही.

एवढेच सांगतो की खुणा केलेल्या उतारांच्या बाहेर जाऊ नकोस. कोवळ्या बर्फाचा मोह होतो म्हणतात. बरोबरचे सगळे गेले तरी तू थांबावेस आणि हिमस्खलनाचा इशारा रोज सकाळी वाचावास. त्या गुडघ्याला अजून वर्षही झालेले नाही. पाहा, कबूल केलेले मोडले. तू सव्वीस वर्षांची आहेस, स्वतः कायदे वाचतेस, तुला हे सांगावे लागू नये. क्षमा कर.

शुस्टरांच्या आयुष्यातली आणखी एक गोष्ट मी गाळली होती. त्यांना एकच मुलगा होता आणि तो १९१८ मध्ये फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. डोंगर चढणारा बाप शहाऐंशी वर्षांपर्यंत जगला. मुलगा गेला तो डोंगरामुळे नव्हे. १९४४ मध्ये मिळालेली सरदारकी पुढे न्यायला कोणी उरले नाही, म्हणून १९५६ मध्ये त्यांच्याबरोबरच ती संपली. मुलगा गेल्यावरही हा माणूस पुन्हा बर्फात गेला कसा, हे मला अनेक वर्षे उमगले नाही. निवृत्तीनंतर, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाचा कारभार पाहणाऱ्या दोस्त राष्ट्रांच्या नियंत्रण आयोगातील ब्रिटिश विधी शाखेचे काम पत्करले. तोही आल्प्सचाच मुलूख, हे माझ्या लक्षात आले ते तुझा फोन ठेवल्यानंतर.

मुलाचे हे लिहायला नको होते. पण खाडाखोड केलेला कागद पाठवण्याची मला सवय नाही, तेव्हा राहू देतो.

गुडघ्याचा पट्टा तू इथेच विसरली आहेस. आईने तो धुऊन ठेवला आहे, उद्या कुरिअरने पाठवतो. पंधरा तारखेच्या आत पोहोचायला हवा. रोज संध्याकाळी खाली उतरल्यावर "आले" एवढा एक शब्द पाठव. आईला झोप लागत नाही, असे समज.

तुझा,
बाबा