घर विकले की बारा लाख अडकतात: अनिवासी भारतीयांच्या रोजच्या व्यवहारांबद्दल अर्थमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय अर्थमंत्री महोदया,

सादर नमस्कार.

वर्षानुवर्षे परदेशात राहणाऱ्या, पण ज्यांचे आईवडील, घर, बँक खाती आणि करविवरणपत्र अजून भारतातच आहे अशा लोकांच्या वतीने हे पत्र लिहीत आहोत. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी सुमारे १२९ अब्ज डॉलर मायदेशी पाठवले. पैसा पाठवणे आता खरोखर सोपे झाले आहे. त्रास होतो तो इथला पैसा सांभाळताना, त्यावरचा कर नेमका भरताना आणि लागेल तेव्हा तो वापरताना. कायद्याने आम्हाला जे दिले आहे ते मिळवण्याची वाट बंद आहे, अशी आमची मुख्य तक्रार आहे. मुख्यतः एका ठिकाणी कायदाच बदलावा असे आम्हाला वाटते, आणि तिथूनच सुरुवात करतो, कारण सर्वांत मोठी रक्कम तिथे अडकते.

एक उदाहरण घेऊ. २०१०-११ मध्ये ४० लाखांना घेतलेला फ्लॅट २०२५-२६ मध्ये ८५ लाखांना विकला. मुद्रांक शुल्क आणि इतर खर्च सोयीसाठी बाजूला ठेवू आणि विक्रेत्याला भारतात दुसरे उत्पन्न नाही असे धरू. नफा ४५ लाख. साडेबारा टक्के कर आणि त्यावर चार टक्के उपकर मिळून देय होतात ५ लाख ८५ हजार रुपये. पण विक्रेता अनिवासी असेल तर खरेदीदार टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापतो तो पूर्ण ८५ लाखांवर, कारण नफा किती हे स्वतः ठरवण्याची जोखीम तो घेऊ शकत नाही. रक्कम ५० लाखांच्या वर असल्याने दहा टक्के अधिभारही लागतो. दर पडतो १४.३ टक्के आणि कपात होते १२ लाख १५ हजार ५०० रुपये. म्हणजे देय करापेक्षा ६ लाख ३० हजार ५०० रुपये जास्त. विक्री मे महिन्यात झाली तर विवरणपत्र भरायला पुढचे आर्थिक वर्ष उजाडावे लागते आणि परतावा त्यानंतर येतो. तोपर्यंत तेवढी रक्कम सरकारजमा. विक्रेता त्याच पैशातून दुसरे घर घेणार असेल तर त्याचा कर शून्यही होऊ शकतो. कपात तरीही १२ लाखांचीच.

याच इमारतीत, याच दिवशी, याच किमतीला निवासी शेजाऱ्याने फ्लॅट विकला तर त्याचा टीडीएस एक टक्का, म्हणजे ८५ हजार. आणि त्याचा अंतिम कर? २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांकासह २० टक्क्यांचा जुना हिशेब निवडता येतो. २०१०-११ चा निर्देशांक १६७, २०२५-२६ चा ३७६. त्यामुळे ४० लाखांची किंमत ९० लाखांच्या पुढे जाते, नफा उरतच नाही आणि कर शून्य होतो. अनिवासीला मात्र ५ लाख ८५ हजार. हा पर्याय २०२४ मध्ये फक्त निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना दिला गेला. महागाई दोघांच्या घरांना सारखीच लागली. खरेदी करताना यातले अनेक जण निवासीच होते, गृहकर्जाचे हप्तेही त्यांनी इथल्या पगारातून भरले होते. हा पर्याय अनिवासी व्यक्तींनाही द्यावा. आम्ही मागतो तो कायद्यातला मुख्य बदल हाच.

जास्तीची कपात टाळायचा मार्ग कायद्यात आधीपासून आहे: कमी कपातीचा दाखला, ज्याला सगळे अजूनही ‘फॉर्म १३’ म्हणतात. खरेदीखत, साठेखत, नफ्याचा हिशेब आणि मागील विवरणपत्रे जोडून तो ऑनलाइन मागता येतो. घोडे अडते ते पुढे. अर्ज आंतरराष्ट्रीय कर विभागाच्या अधिकाऱ्याकडे जातो, शंका विचारल्या जातात, उत्तरे दिली जातात, आणि यात कधी काही आठवडे तर कधी महिने जातात. खरेदीदाराच्या गृहकर्जाची मंजुरी तेवढी थांबत नाही. त्यातच दाखला विशिष्ट खरेदीदाराच्या नावे असतो. तो मागे हटला की नव्या खरेदीदारासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून दोन गोष्टी कराव्यात. दाखला विक्रेत्याचा पॅन आणि ती मालमत्ता यांच्याशी जोडावा, म्हणजे खरेदीदार बदलला तरी तो चालेल. आणि पूर्ण अर्जावर १५ कामाच्या दिवसांत निर्णय बंधनकारक करावा. खरेदी किंमत नोंदणीकृत दस्तात असते, निर्देशांक सरकारच जाहीर करते. हा हिशेब संगणकाला मिनिटभराचाही नाही.

इथे खरेदीदाराचीही बाजू मांडायला हवी. विक्रेत्याच्या आधार कार्डावर भारतातला पत्ता दिसतो, म्हणून तो प्रामाणिकपणे एक टक्का कापतो आणि निवासी विक्रेत्यासाठीचा नेहमीचा टीडीएस अर्ज भरून मोकळा होतो. पुढे नोटीस येते, न कापलेल्या कराची जबाबदारी त्याच्यावर येते आणि दरमहा एक टक्का व्याज चढते. दस्त नोंदणीच्या वेळी विक्रेत्याची करविषयक निवासी स्थिती लेखी घेण्याची पद्धत राज्यांशी बोलून सुरू केली, तर ही वेळच येणार नाही. भाडेकरूचेही तसेच. अनिवासी घरमालकाला महिना २५ हजार भाडे देणाऱ्याने पहिल्या रुपयापासून ३१.२ टक्के, म्हणजे ७,८०० रुपये कापायचे असतात. बहुतेकांना हे ठाऊक नसते, आणि ज्यांना ठाऊक असते ते असे घर भाड्याने घ्यायलाच नको म्हणतात. ठरावीक मर्यादेपर्यंतच्या भाड्याला एक माफक सपाट दर ठेवावा. बाकीचा हिशेब विवरणपत्रात होतोच.

आता मोबाइल क्रमांक. वरवर क्षुल्लक वाटेल, पण आमच्या बहुतेक आर्थिक अडचणींचे मूळ इथे आहे. आधारचा ओटीपी परदेशी क्रमांकावर येत नाही. म्हणून माणूस भारतातले प्रीपेड सिम जपून ठेवतो. ९० दिवस वापर झाला नाही आणि खात्यात पुरेशी शिल्लक नसेल तर क्रमांक बंद होऊ शकतो आणि काही काळाने दुसऱ्याच ग्राहकाला मिळू शकतो. मग बँकेचा ओटीपी अनोळखी माणसाच्या हातात जातो. बँकेतला क्रमांक बदलायचा तर पुष्कळदा शाखेत या, असे उत्तर मिळते.

त्यातच केवायसीची, म्हणजे बँकेने केलेल्या ओळख-पडताळणीची, मुदत संपते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ती जोखमीच्या वर्गानुसार दोन, आठ किंवा दहा वर्षांनी नव्याने करायची असते. व्हिडिओवरून करता येते, पण त्या प्रक्रियेत ग्राहक भारतातच आहे हे त्याच्या ठिकाणावरून तपासले जाते. अनिवासी माणूस भारतात नसतो म्हणून तर तो अनिवासी! उरतो कागदांचा मार्ग. पासपोर्ट, व्हिसा आणि परदेशी पत्त्याचा पुरावा यांच्या प्रती भारतीय दूतावास, तिथला नोटरी किंवा भारतीय बँकेची परदेशी शाखा यांच्याकडून साक्षांकित करून पाठवायच्या. नियमात हे सगळे पर्याय आहेत, पण शाखेत बसलेल्या कर्मचाऱ्याला यातला एखादाच मान्य असतो. कागद परत येतात, मुदत उलटते, खाते गोठते आणि नेटबँकिंग थांबते.

इथून पुढची साखळी नीट पाहावी, महोदया. नेटबँकिंग बंद, म्हणून त्यातून मिळणारा विवरणपत्राचा पडताळणी कोड बंद. आधारचा ओटीपी आधीच बंद. डीमॅट खाते किंवा डिजिटल स्वाक्षरी सगळ्यांकडे नसते. मग विवरणपत्र भरल्यावर सही केलेली पोचपावती टपालाने बंगळुरूला पाठवायची, तीही ३० दिवसांच्या आत. उशीर झाला तर पडताळणीची तारीख हीच विवरणपत्राची तारीख धरली जाते आणि विलंब शुल्क लागते. एक सिम बंद पडल्याने आईच्या औषधांचे पैसे, सोसायटीची देखभाल आणि कराचा परतावा, तिन्ही एकाच वेळी अडकतात.

यावर उपाय अवघड नाही, कारण त्याचा अर्धा भाग झालेला आहे. जानेवारी २०२३ मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने अमेरिका, ब्रिटन, संयुक्त अरब अमिराती, सिंगापूर यांसह १० देशांच्या मोबाइल क्रमांकांवर एनआरई (परदेशातल्या कमाईचे) आणि एनआरओ (भारतातल्या उत्पन्नाचे) या अनिवासींच्या खात्यांसाठी यूपीआय खुले केले. ही सोय सर्व बँकांना बंधनकारक करावी आणि देशांची यादी वाढवावी. दूतावासात पासपोर्टसाठी ओळख तपासली जातेच. तिथेच बँक केवायसीची पडताळणीही व्हावी आणि ती प्रत्येक बँकेने स्वीकारावी. आणि विवरणपत्राच्या पडताळणीसाठी नोंदवलेल्या ई-मेलवरचा कोड अनिवासींना पुरेसा मानावा.

व्याजाबद्दल थोडक्यात. एनआरओ ठेवीच्या व्याजावर ३१.२ टक्के कापले जातात. दुहेरी कर टाळण्याच्या करारानुसार अमेरिका, ब्रिटन किंवा सिंगापूरच्या रहिवाशाला हा दर १५ टक्के लागतो, जर्मनीच्या रहिवाशाला १०. त्यासाठी दरवर्षी तिथल्या कर खात्याचा निवासी दाखला बँकेत द्यावा लागतो. अमेरिकेचा दाखला कॅलेंडर वर्षाचा, ब्रिटनचे करवर्ष ६ एप्रिलपासून, ऑस्ट्रेलियाचे जुलैपासून. आपले एप्रिल ते मार्च. अमेरिकेत त्याचे शुल्कही ८५ डॉलर आहे, छोट्या ठेवीवर वाचणारा कर कधीकधी तेवढाही नसतो. मागील वर्षाचा दाखला आणि चालू वर्षाचे स्वयंघोषणापत्र यांवर बँकांनी करारातला दर लावावा, असे एक परिपत्रक पुरेल.

आणखी एक गाठ दोन कायद्यांतली आहे. डिसेंबरमध्ये नोकरीसाठी देश सोडणारा माणूस फेमानुसार (परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार) त्याच दिवसापासून अनिवासी होतो आणि त्याला बचत खाते एनआरओमध्ये बदलावे लागते. प्राप्तिकर कायदा मात्र दिवस मोजतो. एप्रिलपासून १८२ हून अधिक दिवस भारतात गेल्याने त्या वर्षापुरता तो निवासीच राहतो. बँक खात्याचे नाव पाहते आणि मुदत ठेवीच्या व्याजावर ३१.२ टक्के कापते. कापायला हवे होते दहा. अनेक जण या गोंधळाला कंटाळून जुने खाते तसेच चालू ठेवतात, जो फेमाचा भंग आहे आणि त्याचा दंड गुंतलेल्या रकमेच्या तिप्पटपर्यंत जाऊ शकतो. निघताना आणि परतताना प्राप्तिकर पोर्टलवर एकदाच स्थिती नोंदवली की बँक, डीमॅट आणि पॅन या तिन्हींकडे ती आपोआप पोहोचावी. पॅन-आधार जोडणीच्या वेळी, जोडणीतून सूट असलेल्या अनिवासींचेही पॅन जुलै २०२३ मध्ये निष्क्रिय झाले होते, कारण विभागाच्या नोंदीत ते अजून निवासी होते. एक नोंद असती तर ते टळले असते.

परत येणाऱ्यांचा विषय शेवटी घेतला, कारण तो फारसा कुणी मांडत नाही. पंधरा वर्षांनी कायमचा परतलेला माणूस पहिली दोन-तीन वर्षे ‘निवासी पण सामान्यतः निवासी नाही’ या वर्गात राहू शकतो आणि त्या काळात त्याच्या परदेशी उत्पन्नाला इथे सहसा कर लागत नाही. त्यानंतर परदेशातल्या निवृत्ती खात्यात दरवर्षी साठणारी वाढ इथे करपात्र होते, जरी ते पैसे साठीपर्यंत काढता येत नसले तरी. तो देश कर घेतो पैसे काढताना, कितीतरी वर्षांनी, आणि तोपर्यंत इथे भरलेल्या कराशी त्याची वजावट जुळत नाही. एकाच पैशावर दोनदा कर बसतो. जुन्या (१९६१ च्या) प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८९-अ मध्ये यावर चांगला तोडगा निघाला: तिथे कर लागेल त्या वर्षीच इथेही लावायचा. पण त्यासाठी अधिसूचित झाले फक्त तीन देश, अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा. ऑस्ट्रेलियातली सुपरअॅन्युएशन ही निवृत्ती खाती त्यातून सुटली, युरोपातल्या पेन्शन योजनाही सुटल्या. ज्या देशांशी आपला दुहेरी कर टाळण्याचा करार आहे त्या सर्वांची नावे या यादीत घालावीत. त्यासाठी संसदेत जावे लागत नाही, आपल्या मंत्रालयाची एक अधिसूचना पुरते.

आपले,
परदेशात दीर्घकाळ वास्तव्य असलेले भारतीय करदाते