आधी शेत, मग पाहुणे

सिएनाजवळ, टस्कनी, इटली
१६ नोव्हेंबर

तीर्थरूप आबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तुमचे पत्र मिळाले. अंजिराच्या बागेचा वरचा तुकडा मोकळा करून तिथे पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधण्याचा विचार चालला आहे, हे वाचल्यापासून तुम्हाला लिहायचे मनात होते. परंतु मी राहून काम करते त्या, पाहुणे ठेवणाऱ्या इथल्या शेतावर ऑलिव्हची तोडणी चालू असल्याने रात्री बोटांत पेन धरवत नव्हते.

झाडाखाली जाळी अंथरायची आणि हातातल्या लहान फणीने फांदी वरून खाली विंचरत आणायची, म्हणजे फळे टपटप जाळीवर पडतात. परवा एका डच कुटुंबातली सात-आठ वर्षांची मुलगी दिवसभर माझ्या शेजारी बसून जाळीवरची पाने निवडत होती. तोडलेले फळ चोवीस तासांच्या आत घाण्यावर गेले तर उत्तम, कारण ढिगात ते तापते, आंबू लागते आणि तेलाला वास येतो. म्हणून दिवस मावळल्यावर आम्ही क्रेट भरून निघतो आणि पाळी येईपर्यंत घाण्यावर बसून राहतो. शंभर किलो फळांतून साधारण पंधरा किलो तेल निघते. ताजे तेल हिरवेगार आणि इतके तिखट असते की घशात ठसका लागतो. भाजलेल्या अळणी पावावर लसूण घासून, वर हे तेल आणि चिमूटभर मीठ घालून मालकीणबाईंनी पहिला तुकडा त्या मुलीला दिला. मला आजीच्या गरम भाकरीवरची करडईच्या तेलाची धार आठवली आणि डोळे भरून आले.

आबा, इथल्या कितीतरी झाडांना एकाच बुडख्यातून तीन-चार खोडे फुटलेली दिसतात. जानेवारी १९८५ च्या कडाक्याच्या थंडीत टस्कनीतली ऑलिव्हची झाडे मोठ्या संख्येने जळाली. शेतकऱ्यांनी ती जमिनीलगत कापली आणि बुडाशी आलेले कोंब वाढवले, अगदी आपल्या उसाच्या खोडव्यासारखे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात शेतावरच्या पाहुणचाराचा पहिला राष्ट्रीय कायदा झाला, ज्याची जागा २००६ च्या कायद्याने घेतली. त्यातल्या दोन गोष्टी तुम्ही दादालाही वाचून दाखवा. शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे, पाहुणे हा जोडधंदा. आणि त्यांना ठेवायचे ते शेतावर आधीपासून असलेल्या इमारतींत. मी राहते ती खोली पूर्वी गुरांचा गोठा होती. गव्हाण अजून भिंतीत आहे आणि तिच्यात मी पुस्तके ठेवते.

मार्चमध्ये आले तेव्हा छाटणी चालू होती आणि पाहुणे तुरळक होते. जुलै-ऑगस्टमध्ये एकही खोली रिकामी नसते, सप्टेंबरात द्राक्षांची तोडणी लागते, आणि आता तेल निघाले की घर वसंतापर्यंत बंद. ऑगस्टमधली एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. पहाटे ट्रॅक्टर लावू नका, झोपमोड होते, अशी एका पाहुण्याने तक्रार केली. मालकीणबाईंनी त्यांना कॉफी दिली आणि ऊन चढण्याआधी फवारणी उरकावी लागते हे शांतपणे समजावले. ट्रॅक्टर थांबवला नाही. दुसऱ्या दिवशी तेच गृहस्थ बांधावर उभे राहून फवारणी पाहत होते. पाहुण्यांसाठी शेताचे वेळापत्रक मोडायचे नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

म्हणून माझे कळकळीचे सांगणे आहे की अंजिराचे एकही झाड तोडू नका. पुण्याहून माणसे सासवडच्या पुढे येतील ती आपल्या अंजिरांसाठी, सीताफळांसाठी, थंडीतल्या हुरड्यासाठी. सिमेंटच्या खोल्या त्यांना पुण्यातच मिळतात. जुन्या वाड्याच्या माडीवरच्या दोन खोल्या आणि रिकामा पडलेला गोठा एवढ्यावर सुरुवात करता येईल. पहिल्या वर्षी फक्त हुरड्याचे दिवस धरावेत. आईवर स्वयंपाकाचा सगळा भार पडणार असेल, तर शेजारच्या काकूंना रीतसर मजुरी ठरवून बोलवावे. इथे पाहुण्यांच्या स्वयंपाकाला मजुरी आहे, ती घरच्या बाईच्या माथी फुकट मारत नाहीत.

दादाला गोठ्याची लांबी-रुंदी मोजून कळवायला सांगा, आणि वाशांना वाळवी लागली आहे का तेही टोकरून पाहायला सांगा. तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार.

तुमची,
थोरली