कोकणातला खून आणि चुकलेली भरती

मा. संपादक,

कोकणातल्या गावात खून घडवणाऱ्या रहस्यकथाकारांना कळकळीची विनंती: आधी भरती-ओहोटी तपासा. पौर्णिमेच्या मध्यरात्री प्रेत ओल्या पुळणीत पुरलेलं दाखवू नका. त्या वेळी उधाणाचं पाणी पार सुरूच्या बनापर्यंत आलेलं असतं! तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अदमासे मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी, आणि रोज साधारण 50 मिनिटं उशीर. एवढ्या हिशेबावर गुप्तहेर खोटी साक्ष सहज पकडेल. शिवाय शहरातला साहेब लगेच अवतरत नाही. आधी पोलीस पाटील ठाण्याला खबर देतो, मग पंचांसमोर पंचनामा. कथा 1 जुलै 2024 नंतरची असेल तर संशयास्पद मृत्यूच्या चौकशीसाठी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 174 नव्हे, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 194 लिहा.

— एक वाचक, रत्नागिरी