चाचणी संपली, केबल अजून भरलेलीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘पुरवठा बंद असूनही विजेचा धक्का’ अशा बातम्या छापून येतात, तेव्हा कुठून तरी उलटा पुरवठा आला असावा, असा तर्क बहुधा केला जातो. काही वेळा तो खराही असतो. परंतु ज्या केबलची किंवा मोटारीची नुकतीच मेगरने, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने, तपासणी झाली असेल, तिच्या बाबतीत संशयाची सुई आधी त्या तपासणीकडेच वळायला हवी.

मेगर इन्सुलेशनला ५०० ते ५००० व्होल्टचा डीसी दाब देतो. केबलचा कंडक्टर, भोवतीचे इन्सुलेशन आणि बाहेरचे धातूचे आवरण मिळून एक लांबलचक कपॅसिटरच तयार होतो आणि तो या दाबाने भरतो. त्याची क्षमता १ मायक्रोफॅरड धरली, तर ५००० व्होल्टला त्यात साडेबारा जूल ऊर्जा साठते. त्यातही इन्सुलेशन जितके उत्तम, तितका हा साठलेला विद्युतभार (चार्ज) अधिक काळ टिकतो. याच केबलच्या इन्सुलेशनचा रोध १००० मेगाओहम असेल आणि भार आपोआप गळू दिला, तर सुमारे १७ मिनिटांनंतरही तिच्यावर १८०० व्होल्टहून अधिक दाब शिल्लक राहतो. म्हणजे रीडिंग चांगले आले म्हणून निर्धास्त झालेल्या वायरमनलाच धोका जास्त.

यावर भार जमिनीत उतरवणारा डिस्चार्ज रॉड क्षणभर टेकवून ठिणगी उडाली की काम झाले, असे मानण्याची सवय सर्रास दिसते. दाबाखाली इन्सुलेशनच्या आत मुरलेला भार सावकाश बाहेर येतो; रॉड लगेच काढला, तर शून्यावर आलेला दाब काही वेळाने पुन्हा चढतो. म्हणून रॉडची अर्थ (जमिनीशी जोडणारी) क्लॅम्प आधी जोडावी, मग रोधक असलेल्या रॉडने दाब उतरवावा, त्यानंतर कंडक्टर थेट अर्थला बांधावा आणि तसाच ठेवावा. आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेचे फिरत्या यंत्रांसाठीचे ‘आयईईई ४३’ हे मानक यासाठी दाब दिलेल्या वेळेच्या किमान चौपट वेळ सांगते. दहा मिनिटांच्या चाचणीला चाळीस मिनिटे! घाईच्या दिवशी इतका वेळ कोणालाच परवडत नाही, हे मी स्वतः अनुभवले आहे. नव्या मेगरमध्ये भार आपोआप उतरवण्याची सोय असते खरी, पण दाब उतरण्याआधीच लीड काढली, तर ती सोय कुचकामी ठरते. तीन कोअरच्या (आत तीन वेगळे कंडक्टर असलेल्या) केबलमध्ये एकाची चाचणी चालू असताना उरलेले दोन कोअर अर्थला जोडलेले हवेत, हेही अनेकदा राहून जाते.

माझी सूचना साधी आहे. चाचणीच्या तक्त्यात एक मिनिटाचे आणि दहा मिनिटांचे रीडिंग लिहायला रकाने असतात. भार किती वाजेपर्यंत उतरवला आणि अर्थ कोणी काढला, हे लिहायला मी पाहिलेल्या तक्त्यांत जागाच नसे. हे दोन रकाने वाढवावेत आणि ते भरल्याखेरीज केबल जोडणीसाठी पुढच्या माणसाच्या ताब्यात देऊ नये.

आपला,
एक निवृत्त विद्युत पर्यवेक्षक