चिंटूच्या पाठांतराबद्दल

गुरुवार पेठ, पुणे
रविवार, दुपार

चि. मनू हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

सकाळी फोनवर माझा आवाज चढला. तुझी आई म्हणाली, "लेकीशी बोलताय की फुटबोर्डावर लोंबकळणाऱ्याशी?" तीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या माणसाचा आवाज आत ओढून घेता येत नाही, म्हणून आता पत्र लिहायला बसलो. लिहिताना निदान मधे कुणी बेल मारत नाही.

तुझं म्हणणं असं, की चर्चमधल्या शब्बाथ शाळेच्या बाई चिंटूला दर रविवारी बायबलचं एक वचन पाठ करायला देतात, तो ते धाडधाड म्हणतो, स्टिकर मिळवतो आणि घरी आल्यावर बहिणीला चिमटे काढतो. मग ही पोपटपंची कशाला? वचन हवं तेव्हा मोबाइलमध्ये सापडतं. यापुढे तू त्याला पाठ करायला लावणार नाहीस.

यातलं अर्धं मला मान्य आहे. सकाळी ते कबूल करायला हवं होतं, पण तू "पोपटपंची" म्हणालीस आणि माझं डोकं फिरलं. कारण तो पोपट मी स्वतः होतो. ही गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती.

आपल्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर तो चेपलेला स्टीलचा डबा आहे ना, ज्यात आई लवंग-दालचिनी ठेवते, तो मला दहाव्या वर्षी पाठांतराच्या स्पर्धेत मिळाला. बायबलमधलं एकशे एकोणिसावं स्तोत्र. सगळं नाही, पहिले पाच भाग. त्या स्तोत्रात १७६ वचनं आहेत, आठ-आठ वचनांचे २२ भाग. हिब्रू मुळाक्षरंही २२, आणि प्रत्येक भागातली आठही वचनं त्या त्या अक्षराने सुरू होतात. म्हणजे लिहिणाऱ्याने ते मुळात पाठ व्हावं म्हणूनच तसं बांधलं असणार. मराठीत ती अक्षरं उतरत नाहीत, त्यामुळे आपल्याला ते कष्टाने घोकावं लागतं. मी चाळीस वचनं एका दमात म्हटली, एकदाही अडखळलो नाही. पाळकसाहेबांनी पाठ थोपटली. त्यात अकरावं वचनही होतं: "मी तुझ्याविरुद्ध पाप करू नये म्हणून मी तुझे वचन आपल्या मनात जपून ठेवले आहे."

पुढे नोकरी लागल्यावर तोच डबा जेवणासाठी न्यायला लागलो. त्या वेळी सुट्ट्या पैशांची फार मारामारी. पाचाची नोट आली की तिकिटामागे उरलेले पैसे लिहून द्यायचे आणि उतरताना मागून घ्या म्हणायचं. निम्मे लोक विसरतात. दिवसअखेर हिशेब देऊन झाला की पिशवीत दोन-चार रुपये जास्तीचे उरायचे. ते मी जेवण झालेल्या रिकाम्या डब्यात टाकायचो. सगळेच तसं करतात, अशी मनाची समजूत होती. डबा कुठला, त्यावर काय कोरलंय, हे रोज हातात धरूनही कधी डोक्यात आलं नाही. तुझी पोपटपंची म्हणजे हीच, आणि ती मी पुरी पंधरा वर्षं वागवली.

आता दुसरा अर्धा भाग. तो तुला मान्य करायला लावायचाय.

माझी बरीच वर्षं स्वारगेट–हडपसर मार्गावर गेली. तेवीसावं स्तोत्र मी स्टॉपवर बांधलं होतं. सहा वचनं, सहा स्टॉप. स्वारगेटला पहिलं, गोळीबार मैदानाला दुसरं, पूलगेटला तिसरं, भैरोबा नाल्याला चौथं, फातिमानगरला पाचवं, रामटेकडीला सहावं. मृत्युच्छायेची दरी नेमकी भैरोबा नाल्याला यायची, त्याचं मला तेव्हा हसू यायचं. भक्तिभावाने बांधलं होतं असंही नाही. पंच वाजवून वाजवून डोकं बधिर व्हायचं, त्याला काहीतरी चाळा हवा होता.

पहाटेच्या गाडीला हडपसरहून एक भाजीवाली मावशी चढायची, मेथीची पाटी घेऊन. मंडईत विकायला बसायची. एकदा तिने पाचाची नोट दिली. मी तिकिटामागे "३" लिहिला. स्वारगेटला पाटी उतरवताना तिने विचारलं, "मास्तर, माझं पैसं?" मी मान वर न करता म्हणालो, "दिले की मावशी." दिले नव्हते. खोटं बोलायचं ठरवलंही नव्हतं, तोंडातून गेलं. तिने तिकीट उलटंसुलटं करून पाहिलं. वाचता येत नव्हतं तिला. पाटी डोक्यावर घेतली आणि गेली.

परतीची फेरी सुरू झाली. डबल बेल मारली आणि सवयीप्रमाणे पहिलं वचन ओठावर आलं: "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." आणि तिथेच गाडी अडकली. काही उणे पडणार नाही म्हणतोस, मग मेथीवालीचे तीन रुपये कशाला लागले? हे मला पाळकांनी विचारलं नाही, तुझ्या आजीनेही नाही. माझ्याच जिभेने विचारलं. गोळीबार मैदान गेलं, पूलगेट गेलं, दुसरं वचन काही येईना. हडपसरच्या गाडीतळापर्यंत त्या एका ओळीवर अडकून राहिलो.

तिसऱ्या दिवशी सुट्टी होती, मंडईत जाऊन तिला शोधलं. तीन रुपये हातावर ठेवले. तिने पाहिलंही नाही, कनवटीला लावले, "बरं झालं" म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला जुडी दाखवायला लागली. मला वाटलं होतं काही बोलेल. निदान कोथिंबिरीची काडी तरी देईल! काही नाही. त्या दिवसापासून उरलेले पैसे मी दुसऱ्या पिशवीत ठेवायला लागलो, आणि मागायला न येणाऱ्याला हाक मारून द्यायला लागलो. सगळे परत गेले असं म्हणणार नाही.

आता मला सांग, तेवीसावं स्तोत्र त्या वेळी माझ्या मोबाइलमध्ये असतं तर मी ते उघडलं असतं का? तीन रुपये दाबून बसलेला माणूस शास्त्र कशाला उघडेल? ते आधीच आत जाऊन बसलेलं होतं म्हणून पकडला गेलो. चाळा म्हणून भरलेलं, अर्थाकडे लक्ष नसताना भरलेलं, तरी आत होतं. चिंटू आज स्टिकरसाठी भरतोय, तर भरू दे.

आपल्या बायबल वर्गात एकदा पाळकसाहेबांनी सांगितलं होतं, पहिल्या स्तोत्रात "रात्रंदिवस मनन करतो" असं आहे तिथे हिब्रूत "हागा" हे क्रियापद आहे. त्याचा मूळ अर्थ पुटपुटणं, गुणगुणणं. यशया संदेष्टा पारव्याच्या घुमण्याला तोच शब्द वापरतो, आणि शिकारीवर बसून गुरगुरणाऱ्या सिंहालाही तोच. मनन म्हणजे डोळे मिटून गप्प बसणं, असं मी समजत होतो. आता दुपारी खिडकीच्या वळचणीला पारवे घुमायला लागतात, तुझी आई त्यांना हाकलते, आणि मला वाटतं, हे बघ, यांचं मनन चाललंय. यहोशवालाही आज्ञा होती ती हीच, की नियमशास्त्राचा ग्रंथ तुझ्या मुखातून जाऊ देऊ नको. मुखातून म्हटलंय.

आणि पाठांतर जुनाट, हे तर पुण्यात राहिलेल्या माणसाने बोलूच नये. जूनमध्ये पालखीबरोबर चालणाऱ्या बायांच्या हातात पुस्तक असतं का? सगळा हरिपाठ तोंडपाठ. नारायण वामन टिळक स्वतः म्हणायचे, की तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो. त्यांनी अभंगाच्या चालीत गाणी केली म्हणून तुझ्या आजीला, जिला स्वतःची सही येत नव्हती, येशूची गोष्ट जात्यावर म्हणता आली. केडगावच्या पंडिता रमाबाईंनाही आईनेच तोंडी शिकवलं होतं. लहान वयात भागवताचे १८ हजार श्लोक त्यांना मुखोद्गत होते. त्याच बाईने पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल साध्या, बायाबापड्यांच्या मराठीत आणलं. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, ते छापून १९२४ साली बाहेर आलं. पाठांतराने बुद्धी मारली जाते म्हणणाऱ्याने एकदा दौंडच्या गाडीने केडगावला जाऊन यावं.

पण तुझी भीती खोटी नाही, आणि ती शास्त्रातच लिहिलेली आहे. रानात येशूची परीक्षा झाली तेव्हा त्याने तिन्ही वेळा "असा शास्त्रलेख आहे" म्हणून उत्तर दिलं. तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायातली. चाळीस दिवसांचा उपाशी माणूस, जवळ गुंडाळी नाही, काही नाही. पण सैतानानेही वचनच म्हटलं! एक्याण्णवावं स्तोत्र. फक्त सोयीच्या जागी थांबला. पुढच्याच वचनात सापाला पायाखाली तुडवण्याची गोष्ट आहे, ती त्याने गाळली. तेव्हा पाठ कुणाला किती, यावर काही ठरत नाही.

म्हणून माझी तुला विनंती एवढीच, की चिंटूला सुटी वचनं नको देऊस. सुटं वचन सुट्ट्या पैशासारखं कुठेही घरंगळतं. फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रातलं "मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करण्यास शक्तिमान आहे" हे आपल्याकडे दहावीच्या परीक्षेला, मुलाखतीला, क्रिकेटच्या मॅचलाही म्हणतात. पौलाने ते कैदेतून लिहिलं. त्याच्या आधीची दोन वचनं वाच, त्यात तृप्त असणं आणि भुकेलं असणं, दोन्ही शिकलोय असं तो म्हणतो. म्हणजे नापास झालेल्यालाही ते लागू आहे. बाईंना हे सांगायला जाऊ नकोस, त्या बिचाऱ्या रविवारची झोप मोडून येतात. घरी तू त्याला एक छोटं अख्खं स्तोत्र धर. आठवड्याला एकच वचन, पण मागची रोज म्हणायची. बक्षीस देऊ नकोस. आणि बहिणीला चिमटा काढला की त्याच्या अंगावर वचन फेकू नकोस, नाहीतर शिक्षा आणि शास्त्र त्याच्या डोक्यात एकाच खणात जाऊन बसेल. माझ्या वडिलांनी तेच केलं होतं, नीतिसूत्रं मला अजून छडीच्या आवाजात ऐकू येतात.

भाषा कुठली, असं जावईबापू विचारत होते. इंग्रजीत चालेल का? पडल्यावर तो "आई गं" म्हणून रडतो ना अजून? मग मराठीत. ज्या दिवशी इंग्रजीत रडायला लागेल त्या दिवशी बघू.

स्टॉपची युक्ती त्याला नक्की शिकव. तुमच्याकडे मेट्रो आहे, तिला स्टेशनंही भरपूर आहेत. नाहीतर तुमच्या इमारतीचा जिना आहेच, पहिल्या मजल्याला पहिलं वचन. लिफ्ट बंद पडायचीच, तुझ्याच तोंडून ऐकलंय.

अजून एक, हे आईला सांगू नकोस. परवा पहाटे पडल्या पडल्या एकशे एकोणिसावं म्हणत होतो, तर तिसऱ्या भागात मधेच कोरा झालो. जी चाळीस वचनं झोपेतही म्हणायचो, त्यातलीच. उठून दिवा लावून पुस्तक पाहिलं, चष्मा सापडेना. पुढच्या रविवारी सकाळची उपासना आटोपून अकराच्या सुमारास फोन करतो. चिंटूला मराठी शास्त्र उघडून समोर बसव, वाचायला अडखळला तरी चालेल. मी म्हणतो, त्याने बोट ठेवून तपासायचं. चुकलो तर थांबवायचं. थांबवायला त्याला फार आवडतं, माहीत आहे मला.

जावईबापूंना नमस्कार, पोरांना पापा. लोणच्याची बरणी कुणाबरोबर पाठवायची ते कळव.

तुझा,
बाबा