पलंगाचे पाय

कोथरूड, पुणे
रविवार, दुपार

प्रिय दिगू,

फोनवर तुला एवढंच म्हटलं की एक काम आहे, सविस्तर लिहितो. बोललो असतो तर तू नेहमीसारखा "होईल रे" म्हणून मोकळा झाला असतास. इथे मामला इंचांचा आहे. तेव्हा चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच.

आई दिवाळीनंतर ताईकडून, साताऱ्याहून, आमच्याकडे येतेय. खुब्याच्या ऑपरेशनबद्दल तुला काय सांगू, त्या रात्री अँब्युलन्समध्ये तिच्याबरोबर तूच होतास. आता वॉकर घेऊन चालते. खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, आणि बसल्यावर गुडघे कमरेच्या वर जाता कामा नयेत, असं डॉक्टरांनी बजावलंय. तिच्यासाठी आतली खोली रिकामी केली. १० बाय ११. पोराचं टेबल हॉलमध्ये गेलं, त्यावरून तीन दिवस अबोला होता, ते सोड.

खोलीत काय लागतं? पलंग, कपाट, एक खुर्ची. मला वाटलं, शनिवारी दुपारी जाऊन उरकून टाकू. चार शनिवार गेले.

पहिल्या शनिवारी मेघना आणि मी एका मोठ्या शोरूममध्ये गेलो. आत शिरताच थंड हवा, मंद दिवे, आणि प्रत्येक पलंगावर आठ-आठ उशा. विकणारा मुलगा नम्र होता. "सर, हायड्रॉलिक घ्या, सगळ्या रजया आत मावतील." एका हाताने त्याने अख्खा पलंग गाडीच्या बॉनेटसारखा उचलून दाखवला. मेघनाचे डोळे चमकले. साहजिक आहे, आमच्या घरात माळ्यावर आता उंदीरसुद्धा मावणार नाही. किंमत ४५ हजार, गादी वेगळी.

मी आधीच ताईला फोन करून आईचं माप घेतलं होतं: जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंत १६ इंच. आई ४ फूट १० इंच, आठवतंय ना, दहावीत आपण दोघंही तिच्यापेक्षा उंच झालो तेव्हा ती काय म्हणाली होती? शोरूममधला पलंग मोजला तर नुसता खोका १५ इंच, त्यावर ८ इंचांची गादी. म्हणजे २३. मेघना त्यावर बसली तर तिचेच पाय टेकेनात, आणि ती ५ फूट २. आई तिथे बसली असती तर बाकावरच्या शाळकरी मुलीसारखे पाय हलवत राहिली असती आणि उतरताना घसरली असती.

पण खरी गोष्ट मेघनाने शोधली. ती उठायला गेली आणि तिची टाच मागे खोक्यावर आपटली. पुन्हा बसली, पुन्हा उठली, पुन्हा आपटली. म्हणाली, "अरे, पाय मागे जातच नाहीत." तू आत्ता खुर्चीवरून उठून बघ. आधी पाय आत ओढतोस, मग वाकतोस, मग उठतोस. पाय पुढे ठेवून उठायचं तर कुणीतरी हात धरून ओढावं लागतं. हा खोक्याचा पलंग जमिनीपर्यंत बंद, पाय न्यायला जागाच नाही. आपल्यासारखे लोक झोक्याने उठतात म्हणून कळत नाही. त्या मुलाला सांगितलं, तर तो म्हणाला, "सर, आजवर कुणी विचारलं नाही." खरंच नसेल विचारलं. लोक पलंगावर आडवं होऊन बघतात. मी त्यानंतरच्या प्रत्येक दुकानात फक्त उठून बघितलं. लोक माझ्याकडे बघत होते.

लाकडाचं विचारलं तर "इंजिनिअर्ड वूड" म्हणाला. नाव भारी आहे. म्हणजे लाकडाचा भुसा आणि डिंक दाबून केलेली फळी, वर लाकडाच्या रेघांचा कागद. मी बिजागरीचा एक स्क्रू सैल करून मागितला. तो आधी घाबरला, पण केला. आतून बिस्किटासारखा चुरा बाहेर आला. अशा फळीत स्क्रू एकदा बसतो. घर बदलताना काढून पुन्हा लावला की भोक मोठं झालेलं असतं. आणि पाणी लागलं तर काय होतं हे मला कोणी सांगायची गरज नाही. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर पेठमापातल्या घरात आपण दोघांनी मिळून काय काय बाहेर काढलं ते आठव. बाबांनी हौसेने घेतलेलं ते टीव्हीचं युनिट पावाच्या लादीसारखं फुगलं होतं, उचलायला गेलो तर हातात तुकडा आला. आणि आजोबांचा पलंग? चिखल धुतला, आठवडाभर पडवीत उभा ठेवला, आणि पुन्हा आत. एक सांधा हलला नाही.

हे मला चौथ्या शनिवारी आठवलं. शहाणपण उशिरा येतं.

मधल्या दोन शनिवारांत मी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्येही गेलो होतो, नवा सागवानी पलंग करून घ्यावा म्हणून. तिथे गेल्यावर तुझी फार आठवण आली, तुला लाकडाचा वास आवडतो. सागवान घनफुटावर. आफ्रिकेचं वेगळं, बर्माचं वेगळं, आणि आपलं चंद्रपूर-गडचिरोलीकडचं म्हणजे "सीपी". मी विचारलं, सीपी म्हणजे काय? दुकानदाराला माहीत नव्हतं, त्याच्या वडलांना होतं: सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. इंग्रज गेले, प्रांताचं १९५० साली मध्य प्रदेश झालं, त्यातला विदर्भ पुढे आपल्याकडे आला, आणि लाकूड अजून सीपीच. भाव ऐकून मी हिशेब केला, हिशेब दुमडून खिशात ठेवला. प्लायवूडचंही बघितलं. घ्यायचंच तर ७१० नंबरचं घ्या, ३०३ चं नको, असं तो म्हणाला. पहिलं पाण्यात टिकणारं, दुसरं नुसत्या दमट हवेला पुरणारं. बाकी सगळी दुकानं सारखीच, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

दरम्यान घरी आम्ही एक उद्योग केला. जुनी वर्तमानपत्रं चिकटवून पलंगाच्या मापाचा कागद केला आणि खोलीत जमिनीवर पसरला. कपाटाचा वेगळा, खुर्चीचा वेगळा. मग पोराने शेजारच्या आजींचा वॉकर मागून आणला (अबोला सुटला तो इथे) आणि "आजी" झाला. कंबर वाकवून, दर पावलाला "अगं आई गं" करत तो पलंगापासून संडासापर्यंत गेला. ५ फुटी पलंग ठेवला तर वॉकर कपाटाच्या उघड्या दाराला अडला. साडेतीन फुटी ठेवला तरी वळायला त्रास. शेवटी पलंग भिंतीला सरकवला, कपाट दारामागे नेलं, आणि उतरायच्या बाजूला ३ फूट मोकळे ठेवले, तेव्हा "आजी" न अडखळता गेली. मग कळलं की या मांडणीत पाय दक्षिणेला येतात. आईला हे चालणार नाही. सगळा कागद उलटा केला. उशी दक्षिणेला, पाय उत्तरेला, उतरायची बाजू मात्र तीच.

कपाट तिला तिचंच हवंय. "माझं गोदरेज आण." तुला माहीत आहे, ते गोदरेज नाही, आपल्या बाजारपेठेतल्या एका फॅब्रिकेटरने बनवलेलं आहे. पण लोखंडी कपाट म्हणजे गोदरेज. कंपनीने १९२३ पासून कपाटं करून ठेवली, त्याचा हा परिणाम. पुराचा गंज तळाशी आहे, आतला चोरकप्पा उघडायला युक्ती लागते आणि ती युक्ती फक्त तिला येते. त्यामुळे नवं वॉर्डरोब हा विषय संपला. मेघनाला वाईट वाटलं, तिने सरकत्या दारांचं एक बघून ठेवलं होतं. मी तिची बाजू घेतली असती, पण कमरेला किल्ली लावून बसलेल्या बाईला सरकतं दार देणार कसं?

तर आता मुद्दा. आजोबांचा पलंग मला इथे हवाय. साधारण ४ फूट बाय सव्वासहा फूट, खाली मोकळा, पाय आत घ्यायला हवी तेवढी जागा. अडचण एकच, तो उंच आहे. लहानपणी आपण त्याखाली बसून कैऱ्या खायचो, म्हणजे बघ. माझ्या आठवणीत फळीपर्यंत १८ इंच. त्यावर ४ इंचांची काथ्याची गादी (इथला गादीवाला हव्या त्या मापाची करून देतो, कापसाची नको, कडेला बसलं की दबते आणि माणूस पुढे सरकतो). झाले २२. आईला हवेत १८, गुडघे कमरेच्या खाली राहावेत म्हणून तिच्या मापापेक्षा दोन इंच वर. चार इंच जास्त.

म्हणजे पाय कापायला हवेत. ते कातीव पाय, कळशीसारखे, आजोबांनी सुताराला समोर बसवून करून घेतलेले. मला रात्री झोप येईना. आधी पायरी ठेवायचा विचार केला, पण वॉकरवाल्या माणसाला पायरी म्हणजे पुन्हा खुबा. शेवटी भीतभीत आईला फोन केला. ती जपमाळ ओढत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग काप की. पलंगाचे पाय कापायचेत, माझे नाहीत." आणि जप पुढे चालू.

तेव्हा दिगू, तुला पुढचं करायचंय. किल्ली तुझ्याकडे आहेच. आधी नीट माप घे: जमिनीपासून फळीच्या वरच्या कडेपर्यंत, चारही कोपऱ्यांत. नैऋत्येच्या पायाखाली बाबांनी २००५ च्या पुरानंतर लाकडाचा तुकडा घातला होता, तो काढून मोज. माझी आठवण चुकली असेल तर चार इंचांचा हिशेब बदलेल, म्हणून तिथे कुणी करवत हातात घ्यायची नाही. कापायचं ते इथे, आई आल्यावर, तिला बसवून. तिची चप्पल पायात असताना.

मग सुताराला बोलावून सोडवून घे. खिळे ओढायचे नाहीत, त्यात खिळे नाहीतच; लांब बोल्ट आहेत, रॉकेल सोडून दोन तास थांबायचं. प्रत्येक सांध्यावर खडूने आकडे घाल, दोन्ही बाजूंना तोच आकडा. मच्छरदाणीचे खांब वेगळे बांध, इथे डास तुमच्याइतकेच आहेत. कपाट त्याच टेम्पोत, पण आडवं नको. आणि त्याच्या चोरकप्प्यात काही असेल तर मला सांगू नकोस, आईला थेट फोन कर.

वहिनींना नमस्कार. टेम्पोचे पैसे मी देणार आहे, त्यावरून वाद नको. मापाचा फोन बुधवारपर्यंत कर, गादीवाला थांबलाय.

तुझा,
नंदू